कावळ्याला दिलेला शब्द

निरंजनच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्याच्या दोराची पिशवी माझ्या हातात फाटली. उसवली असती तर दोन टाके घातले असते. पण मी ती उचलायला खालून हात घातला आणि माझी बोटं कापडातून आरपार गेली, भाजलेल्या पापडातून जावीत तशी. कापडाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि त्यांचा चुरा माझ्या तळहातावर पडला. त्या पिशवीतला दोर सकाळीच त्याचे मित्र मारोतीभाऊजी घेऊन गेले होते. त्याच दोराच्या भरवशावर त्या वेळी त्यानं तयार केलेली रूपाली खडकावर चढत असणार.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या अकोल्याच्या घरी मला भागूबाईच म्हणायचे. पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी माझे पाय लटपटतात. आणि देवानं अशा बाईची गाठ मारली ती खडकावर चढणाऱ्या माणसाशी. निरंजन रेल्वेत नोकरीला होता, पण ती पोटासाठी. त्याचा जीव असायचा शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत. इकडे सगळे तिला खदान म्हणतात. रायपूर राजधानी झालं, रस्ते झाले, बंगले झाले, आणि त्यासाठी दगड काढून काढून ती खदान खोल खोल गेली आणि एक दिवस बंद पडली. लोकांना तो खड्डा दिसायचा. निरंजनला त्याच्या भिंती दिसायच्या. "डोंगर नाही म्हणून काय रडत बसायचं," तो म्हणायचा, "आपण आधी खाली उतरू, मग वर येऊ. चढणं तेवढंच होते."

दर रविवारी तो तिथे पोरं गोळा करायचा. रेल्वे कॉलनीतली, बीरगांवची, कोणाचीही. त्यातलीच ही रूपाली. तिचे वडील उरला भागातल्या एका कारखान्यात होते. भावाचा डबा द्यायला म्हणून ती खदानीत आली आणि भाऊ घरी गेला तरी ही तिथेच राहिली. पुढे निरंजन म्हणायचा की माझ्या हातात जे नाही ते या पोट्टीच्या पायात आहे. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे ती आमच्या घरी कोण लागत होती, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

लग्नानंतर पहिल्या वर्षापासून मीही खदानीत जायची. खडकाकडे पाठ करून बसायची आणि मटार सोलायची. वर तो काय करत असेल ते बघायची माझी छाती नव्हती. खाली आला की घामानं निथळत माझ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "पदू, एकदा तरी वर पाह्य न." मी म्हणायची, तुम्ही खाली या, मी मग हवं तेवढं पाहते. तो हसायचा. पण त्याला वाईट वाटायचं, ते मला कळायचं. तरी मी कधी वर पाहिलं नाही.

एक मात्र होतं. माझ्यासारख्या भित्रीला तो कधी हसला नाही. पोरांना पहिला धडाच तो भीतीचा द्यायचा. जो भितो तो गाठ दोनदा पाहतो, असं सांगायचा. आणि दोराच्या बाबतीत तर तो स्वतःच माझ्याहून भित्रा होता. दोराला वय असतं, ते संपलं की तो वरून कितीही धडधाकट दिसला तरी त्याचा भरवसा धरायचा नाही, हा त्याचा नियम. वय संपलेला दोर तो स्वतःच्या हातानं कापायचा, म्हणजे मोहापायी कोणी त्यावर पुन्हा चढायला नको. त्या तुकड्यांच्या कपडे वाळवायच्या दोऱ्या व्हायच्या. समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे कपडे निरंजनच्या दोरांवर वाळतात. त्याच्या खोलीच्या खिडकीबाहेर आमचीही आहे, निळी, दोन पदरी.

मग एका उन्हाळ्यात त्याच्याकडून लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. मी चांगलीच टर उडवली. खडक धरता आणि बरणी हरवते तुम्हाला, म्हटलं. तोही हसला. नंतर कुलपात किल्ली फिरेना. नंतर शर्टाची बटणं लागेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नसा सुकत जाणार, हात, पाय, वाचा, श्वास, या क्रमानं, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं त्यांनी चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं. आम्ही गाडीत बसून रायपूरला परत आलो, तेव्हा दुर्ग येईपर्यंत तो आपल्या बोटांकडे पाहत होता.

चार-पाच वर्षं चाललं ते. शेवटी शेवटी तो नुसता डोळ्यांनी उरला होता. हो असेल तर डोळे मिटायचे, नाही तर उघडे ठेवायचे, असं आमचं ठरलं होतं. श्वासाचं मशीन लागलं. लाइट गेली तर ते बंद पडू नये म्हणून त्याच्या पलंगाजवळ इन्व्हर्टर आणि भली मोठी बॅटरी आली. लाइट जरा फडफडली की मी झोपेतून उठून बसायची. पूर्वी तो वरून पडेल म्हणून भ्यायची, आता तो पलंगावर असूनही भ्यायची. एवढाच फरक पडला होता.

त्याचा शेवटचा दोर त्या खोलीत कोपऱ्यात होता. आजार कळायच्या जरा आधी घेतलेला, लाल, फार तर एक हिवाळा वापरलेला, त्याच्या हिशेबानं अजून बरंच वय शिल्लक असलेला. सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, ज्यांना मी आई म्हणते, त्यासाठी आपल्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती. एकदा बॅटरी बदलायला माणूस आला. जुनी उचलताना त्याच्या हातून ती कलंडली आणि थोडं पाणी फरशीवर सांडलं. तो म्हणाला, काही नाही, पुसून घ्या. आईंनी पुसलं. दुसऱ्या दिवशी त्या फडक्याला भोकं पडलेली दिसली, तेव्हा हल्ली कापडच हलकं येतं म्हणून त्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या.

त्याच दिवसापासून निरंजन दोराच्या पिशवीकडे पाहू लागला. पिशवीकडे पाहायचा, मग खिडकीकडे, पुन्हा पिशवीकडे. डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही विचारलं, खदानीत जायचंय? डोळे उघडेच. दोर जवळ हवाय? उघडेच. हात लावायचाय? उघडेच. प्रश्नच चुकीचा असेल तर त्याला 'हो' कुठून येणार? शेवटी आईंनी ती पिशवी उचलून त्याच्या पलंगासमोर स्टुलावर ठेवली, म्हणजे त्याला सतत दिसत राहील. त्यावर जास्वंदाचं फूल ठेवू लागल्या. तो जास्तच रडायला लागला. माझ्या लेकराचा जीव खडकात अडकला आहे, आई म्हणायच्या आणि पदरानं त्याचे डोळे पुसायच्या. मीही पुसायची.

तो गेला. दहाव्याला महादेव घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर चांगले पाच-सात बसलेले, पण एकही खाली येईना. आईंनी सगळं कबूल केलं. पद्मिनीला अंतर देणार नाही म्हणाल्या, तुझ्या नावानं अन्नदान करीन म्हणाल्या. कावळे ढिम्म. उन्हं चढली, गुरुजी घड्याळ पाहू लागले. तेव्हा मारोतीभाऊजी पुढे आले. ते निरंजनचे दोर धरणारे. वीस-बावीस वर्षं एकानं चढायचं आणि दुसऱ्यानं खालून दोर धरायचा, असा त्यांचा संसार. ते हात जोडून म्हणाले, "निरंजन, तुहा दोर असा पडून नाही राहणार. वर्ष झालं की रूपाली त्याच्यावर चढन. मी धरीन."

आणि कावळा शिवला. आईंनी हंबरडा फोडला. मारोतीभाऊजी तिथेच वाळूत बसले. मला मनात वाटलं की कावळ्याला भूक लागली असेल, पण असं कोणी घाटावर बोलत नाही. त्या दिवसापासून तो दोर आमच्या घरात देव झाला. पिशवी स्टुलावरून कोणी हलवली नाही. धूळसुद्धा आई आजूबाजूनं पुसायच्या.

म्हणून वर्षश्राद्धाच्या सकाळी मारोतीभाऊजी आणि रूपाली आले, नमस्कार केला आणि दोर पिशवीतून ओढून खांद्यावर घेऊन गेले. चढून झालं की जेवायला परत येणार होते. गुरुजी आटोपून गेले. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं, खीर, वडे, कढी, भाजी. कावळा येईना. आई म्हणाल्या, तिकडे पोरगी चढेपर्यंत हा इकडे जेवणार नाही, तू त्याची पिशवी तरी आणून पानाशेजारी ठेव. मी पिशवी आणायला गेले.

चुरा हातात घेऊन मी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा आधी बॅटरीची आठवण झाली, मग आईंच्या फडक्याची. बॅटरीचं पाणी म्हणजे तेजाब, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पिशवी तेव्हा बॅटरीशेजारीच, जमिनीवर होती. ते तिच्या बुडाला लागलं आणि वर दोरात झिरपलं. निरंजनचं डोकं शाबूत होतं. त्यानं पलंगावरून ते सांडताना पाहिलं होतं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर निळ्या दोरीवर माझी साडी वाळत होती.

पिशवी, मग खिडकी. पिशवी, मग खिडकी. तो खदानीकडे पाहत नव्हता, तो त्या दोरीकडे पाहत होता. हा दोर गेला, कापा, याची कपड्यांची दोरी करा, एवढंच तो सांगत होता.

मी तो चुरा पदराच्या टोकाला बांधला. मारोतीभाऊजींना फोन लावला, तर बाई हिंदीत सांगू लागली की ते क्षेत्राबाहेर आहेत. रूपालीचाही तसाच. खदानीच्या तळाला फोन लागत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी पाच-सहा वेळा लावला. आई गच्चीवरून विचारत होत्या, मिळाली का पिशवी? मी म्हटलं, येते, आणि स्कूटीची किल्ली घेतली.

मी स्कूटी चालवते तेव्हा सायकलवालेही मला मागे टाकतात. शहरातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक चौकात मला वाटलं की मीच मरणार. मग नव्या रायपूरचा रस्ता लागला. तो इतका रुंद आहे की त्यावर आपण एकटेच असलो की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. दोन्हीकडे मोकळं रान, मध्ये दुभाजकातली पाणी घातलेली झाडं, आणि विचारायला माणूस नाही. मी रडत होते आणि ऐंशीच्या वेगानं जात होते. एवढ्या वेगानं मी जन्मात कधी गेले नव्हते. दोर तुटला असेल तर, हा विचार आला की मी मोठ्यानं मारुतीस्तोत्र म्हणत होते, आणि ते मध्येच विसरत होते.

खदानीत उतरायला ट्रकांचा जुना कच्चा रस्ता आहे. स्कूटी वरच टाकली आणि घसरत, हात टेकत खाली गेले. वळण संपलं आणि भिंत दिसली. भिंतीवर लाल रेघ दिसली आणि रेघेच्या टोकाला रूपाली. जिवंत होती. वर, खूप वर.

माझ्या तोंडाशी हाक आली होती. ती गिळली. चढणाऱ्याला दचकवायचं नाही, हे निरंजन पोरांना इतक्यांदा ओरडून सांगायचा की मटार सोलता सोलता मलाही ते पाठ झालं होतं. मी चालत मारोतीभाऊजींपर्यंत गेले. ते मान वर करून दोर सोडत होते. मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. तेजाब, पिशवी, खिडकी. पदराला बांधलेला चुरा दाखवला.

त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. ते हळू आवाजात म्हणाले की सकाळी त्यांनी पूर्ण दोर हातातून फिरवला होता, नेहमीसारखा. मधे एका जागी जरा कडक लागला होता. वर्षभर वेटोळ्यात पडून कडक झाला असेल, असं वाटलं. दोराच्या टोकाला लोंबकळूनही पाहिलं होतं, टोक टिकलं होतं.

"ते कडक कुठं आहे आता?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "गेलं वर," ते म्हणाले.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोर चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला असतो. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांतून तो ओवत ओवत चढणारा वर जातो आणि खालचा माणूस लागेल तसा दोर सोडतो. पाय सुटला तर माणूस शेवटच्या कडीच्या थोडा खाली येऊन लटकतो. पण हे सगळं दोर टिकला तर. रूपाली तेव्हा ज्या जागी होती तिथे खडक पोट काढल्यासारखा पुढे आला आहे. निरंजननं त्याचं नाव सासू ठेवलं होतं. हिच्यापुढे कितीही ताकद दाखवा, शेवटी मान झुकवूनच जावं लागते, असं म्हणायचा, आणि ते आईंसमोरही म्हणायचा. सासूच्या खाली पोचलं की सगळेच दमतात. मग 'धरा' म्हणून हाक देतात, हात सोडतात आणि दोरावर बसून दम खातात. रूपालीही प्रत्येक वेळी तेच करायची.

तिची हाक आलीच. "मामा, धरो. बैठ रही हूँ."

"बसू नको," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण इतका शांत कसा निघाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"काकू? आप कब आईं?"

"आत्ताच. रूपाली, ऐक. हात सोडू नको. दोर खराब आहे. दोर नाहीच असं समज."

तिनं बोटं पुन्हा खडकात रोवली. मग तिनं विचारलं, "कितना खराब?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलले असते तर ती बसली असती.

मारोतीभाऊजींनी पोरांच्या सरावाचा दुसरा दोर आणला होता, तो झाडाखाली पिशवीत होता. ते वळसा घालून पायवाटेनं वर जाणार आणि तो वरून तिच्यापर्यंत सोडणार, एवढाच उपाय होता. त्यांचे गुडघे गेलेले, वाट लांबची. त्यांनी हातातला लाल दोर माझ्या हातात दिला.

"काही उपयोग नाही याचा, वहिनी. पण धरून ठेवा. खाली कोणीतरी धरून आहे, हे तिले दिसलं पाह्यजे."

ते गेले आणि मी एकटी उरले. हातात कुजका दोर आणि वर एक मुलगी. आता पाठ करून बसायची सोय नव्हती. मी वर पाहत राहिले. मान दुखू लागली, डोळ्यांत ऊन आलं, तरी पाहत राहिले. वाटत होतं की मी पापणी लववली तर ती पडेल. तिचा एक पाय थरथरत होता, शिलाई मशीनच्या सुईसारखा, एका लयीत. ती बोटांच्या टोकांवर आणि बुटांच्या टोकांवर उभी होती आणि तिच्या खाली नुसता दगड होता.

"काकू, डर लग रहा है," ती म्हणाली.

"मलाही."

"बहोत."

"मलाही बहोत. पण ते काय म्हणायचे? भ्यायचं असन तं डोक्यानं भ्या, हातानं नाही."

मी बोलत राहिले. पाठ करून बसले होते तरी कान कुठे बंद होते? इतकी वर्षं जे मागून ऐकलं होतं ते सगळं माझ्या तोंडून येऊ लागलं, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच बोलीत. टाच खाली सोड. पोट खडकाले लाव. एक हात मोकळा कर, झटक, मग दुसरा. श्वास बाहेर सोड आधी, आत आपोआप येते. घाई नाही, पोट्टे, आपली गाडी सुटून नाही राहिली. मला यातलं काही करता येत नाही. पण वर ती तसंच करत होती. टाच खाली गेली. पायाचं मशीन मंद झालं.

मग तिच्या डाव्या पायाखालचा दगड निखळला. तो माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन फुटला. तिचा पाय सुटला, शरीर फिरलं आणि माझ्या हातातला दोर एकदम ताणला गेला. मी काहीही केलं नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. ती हातांवर लटकत होती. पाय शोधत होता, शोधत होता, आणि कुठेतरी टेकला. दोर पुन्हा सैल झाला. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता, ते मला नंतर कळलं.

वर मारोतीभाऊजींचं डोकं दिसलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी झाडाला दोर बांधला आणि टोकाला कडी अडकवून तो हळूहळू खाली सोडला. दोर सासूच्या पोटावरून पुढे लोंबकळू लागला, रूपालीपासून लांब. वाऱ्यानं जरा जवळ यायचा आणि जायचा. तिला एक हात सोडून तो पकडायचा होता. पहिल्यांदा नाही मिळाला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिच्या बोटांत आला, तिनं तो दातांत धरला, मग एका हातानं कमरेशी नेला. कडी बसल्याचा 'टक्' असा आवाज खालीपर्यंत ऐकू आला. मग तिनं दोन्ही हात सोडले आणि नव्या दोरावर बसली. तिचं रडणं खदानभर घुमलं. मी लाल दोर सोडून दिला आणि जमिनीवर बसले.

दम खाऊन रूपालीनं कमरेचा लाल दोर सोडला, ती नव्या दोरावर वर गेली आणि ते दोघं पायवाटेनं खाली आले. रूपाली माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मारोतीभाऊजींनी तो लाल दोर गोळा केला आणि बोटांनी चाचपत ती कडक जागा शोधली. मग तो बाभळीच्या बुंध्याला बांधला आणि आम्ही दोघांनी पाय रोवून ओढला. मी बाई माणूस, ते पन्नाशी उलटलेले. दोर त्या जागी पायजम्याच्या जुन्या नाडीसारखा तुटला. फार आवाजही झाला नाही. आतले धागे पिवळट पडले होते. रूपाली उठली, बाजूला गेली आणि तिनं उलटी केली.

मारोतीभाऊजी तुटकं टोक हातात घेऊन बसले. "मी शब्द देला होता त्याले, वहिनी," ते म्हणाले.

"कावळ्याले देला होता, भाऊजी. त्यानं हे मागितलंच नव्हतं."

मग त्यांच्याकडून चाकू घेतला आणि मी तो दोर कापला. निरंजन कापायचा तसा, दहा-दहा हात लांबीचे तुकडे. चाकू बोथट होता, वेळ लागला. पण शेवटपर्यंत मीच कापला. मधेच रूपाली जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, आप पूरे टाइम ऊपर देख रही थीं." मी मान हलवली. निरंजनला हे किती वर्षं हवं होतं ते मी तिला सांगितलं नाही, कारण सांगायला गेले असते तर चाकू हातातून पडला असता.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आई जेवायच्या थांबल्या होत्या. कठड्यावरचं पान रिकामं होतं. कावळ्यानं खाल्लं की खारीनं, कोणी पाहिलं नव्हतं. आमचे अवतार पाहून त्या उठून उभ्या राहिल्या आणि विचारलं, चढली का पोट्टी? मी तुकड्यांचं गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. बॅटरी सांडली ते, फडक्याला भोकं पडली ते, आणि दोर कसा तुटला ते. खिडकीचं मात्र मी नाही सांगितलं. एका दिवसात म्हाताऱ्या माणसावर किती घालायचं, असं वाटलं.

त्यांनी दोराचा एक तुकडा उचलला. तो हातात घेऊन त्या निरंजनच्या खोलीत गेल्या, रिकाम्या स्टुलापाशी थांबल्या, मग पलंगावर, तो झोपायचा त्या जागी बसल्या. तिथून त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. निळ्या दोरीवर माझी साडी केव्हाच वाळली होती. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या आणि मी दारात उभी राहून, त्यांना कळू नये, कळू नये, असं मनात म्हणत राहिले.

"पद्मिनी," त्या म्हणाल्या, "कापा म्हणून सांगून राहिला होता वो पोट्टा. आन आपण त्याचे डोळे पुसत बसलो."